लिंकनच्या मंत्र्यांच्या रोजनिशा

राज्यकारभारांतील मोठे निर्णय बंद दारांआड होतात. दार उघडतें तेव्हां बाहेर येतो तो केवळ निर्णयाचा कागद. तो निर्णय कसा झाला, कोण बोललें, कोण गप्प बसलें, बोलतांना कोणाचा आवाज अडखळला, हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें. तें कळावयाचें तर आंत बसलेल्या माणसांनींच सांगावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशीं सांगणारीं माणसें पुष्कळ झालीं. अध्यक्षाच्या मंत्रिमंडळांत चार वर्षें काढलेला गृहस्थ अधिकारावरून उतरला कीं त्याच्या आठवणींचें पुस्तक निघावें, हा त्या देशांत जणूं परिपाठच होऊन बसला आहे. या पुस्तकांनीं इतिहासाला मोठें धन दिलें आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या धनांत त्या काळचें अस्सल नाणें किती आणि मागाहून पाडलेलें किती, हें पारखून घ्यावें लागतें. ही पारख कशी करावी याचा उत्तम धडा अब्राहम लिंकनच्या मंत्रिमंडळाच्या एका बैठकीवरून मिळतो.

ती बैठक सोमवार, ता. २२ सप्टेंबर १८६२ या दिवशीं वॉशिंग्टन येथें, अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या माडीवरील लिंकनच्या कचेरींत भरली होती. यादवी युद्ध सुरू होऊन दीड वर्ष होत आलें होतें. दक्षिणेकडील अकरा संस्थानें संघराज्यांतून फुटून निघालीं होतीं, आणि त्या फुटीच्या मुळाशीं गुलामगिरीचा प्रश्न होता. १८६० च्या खानेसुमारींत सुमारें ४० लाख माणसें दुसऱ्याच्या मालकीचीं म्हणून नोंदलेलीं आढळतात. त्या सोमवारीं लिंकननें आपल्या मंत्र्यांना आपला निश्चय सांगितला: १ जानेवारी १८६३ रोजीं जीं संस्थानें बंडांत असतील, तेथील सर्व गुलाम कायमचे मुक्त झाले असें जाहीर करावयाचें.

हा निश्चय त्यानें कां केला? युद्ध जिंकण्यासाठीं टाकलेला तो एक डाव होता, कीं मनाशीं केलेल्या एखाद्या प्रतिज्ञेची ती पूर्तता होती? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. ज्या कृत्यानें इतक्या माणसांच्या पायांतील बेड्या तुटूं लागल्या, त्या कृत्यामागें कर्त्याच्या मनांत काय होतें, हें जाणण्याची इच्छा कोणाहि विचारी माणसाला होईल. आणि तें जाणण्याचा जवळचा मार्ग म्हणजे त्या खोलींत बसलेल्या माणसांची साक्ष.

त्या वेळीं लिंकनच्या मंत्रिमंडळांत सात मंत्री होते. परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड, अर्थमंत्री साल्मन चेस, युद्धमंत्री एडविन स्टँटन व आरमारमंत्री गिडिअन वेल्स हे चौघे प्रमुख. अॅटर्नी जनरल एडवर्ड बेट्स, पोस्टमास्तर जनरल माँटगोमेरी ब्लेअर आणि अंतर्गत कारभाराचा मंत्री केलेब स्मिथ हे इतर तिघे. या सातांपैकीं चेस, वेल्स आणि बेट्स यांना रोजनिशी लिहिण्याची संवय होती. एकाच सरकारांतील तीन मंत्री एकाच काळीं आपापल्या घरीं बसून दिवसाचा वृत्तांत लिहीत आहेत, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

चेस हा ओहायो संस्थानांतील वकील. पळून आलेल्या गुलामांची बाजू त्यानें न्यायालयांत इतक्या वेळां मांडली होती कीं, लोक त्याला पळालेल्या गुलामांचा अॅटर्नी जनरल म्हणत. गुलामगिरीविषयींची त्याची चीड अस्सल होती. परंतु अध्यक्षपदाची त्याची आकांक्षाहि तितकीच अस्सल होती. १८६२ सालीं निघालेल्या एक डॉलरच्या नोटेवर खुद्द अर्थमंत्री चेस याचीच छबी छापलेली होती. लिंकनच्या जागीं आपण असतों तर कारभार अधिक शिस्तीनें चालला असता, ही भावना त्याच्या लिखाणांतून वारंवार डोकावते.

वेल्सची मूर्ति अगदीं निराळी. तो कनेक्टिकट संस्थानांतील एक जुना वृत्तपत्रकार. पांढरी शुभ्र लांब दाढी आणि डोक्यावर केसांचा टोप या त्याच्या थाटावरून लिंकन त्याला थट्टेनें नेपच्यूनबाबा म्हणे. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा समुद्रदेव, आपल्या वरुणासारखा. वेल्सची नजर संपादकाची होती आणि लेखणी तिखट होती. सहकाऱ्यांपैकीं फार थोडे तिच्या तडाख्यांतून सुटले. तिसरा बेट्स हा मिसूरी संस्थानांतील जुन्या वळणाचा कायदेपंडित. मुक्त झालेल्या गुलामांना देशाबाहेर नेऊन वसवावें, अशा मताचा तो होता.

येथें रोजनिशी आणि आठवण यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. रोजनिशी लिहिणाराला उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें; आठवण लिहिणाराला तें पुरतें ठाऊक असतें. पहिला चुकतो तो अपुऱ्या माहितीमुळें; दुसरा चुकतो तो जास्त माहितीमुळें. ज्याला शेवट माहीत आहे, त्याला आरंभापासूनच आपण तो शेवट ओळखला होता असें वाटूं लागतें, आणि तें त्याला अगदीं प्रामाणिकपणें वाटतें.

याचें एक उदाहरण वेल्सच्याच ग्रंथांत सांपडतें. ता. १३ जुलै १८६२ रोजीं स्टँटनच्या तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीला जातांना लिंकननें वेल्स आणि सेवर्ड यांना आपल्या गाडींत घेतलें. वाटेंत त्यानें गुलामांच्या मुक्ततेचा विषय प्रथमच काढला. गुलाम मुक्त केले नाहींत तर आपलाच पराभव होईल, संघराज्य वांचविण्यासाठीं लष्करी दृष्ट्या ही गोष्ट अटळ झाली आहे, असें मत आतां बनत चाललें आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय वेल्सनें दिला आहे. हा प्रसंग लिंकनच्या बहुतेक चरित्रांत येतो. परंतु वेल्सची नित्याची रोजनिशी सुरू होते ती ऑगस्ट १८६२ मध्यें. म्हणजे गाडींतील ही हकीकत त्याच रात्रीं लिहिलेली नव्हे. ती मागाहून आठवून लिहिलेली आहे. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. तिचें वजन मात्र निराळें धरलें पाहिजे.

गाडींतील त्या संभाषणानंतर नऊ दिवसांनीं, ता. २२ जुलै रोजीं, लिंकननें मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा मंत्रिमंडळापुढें वाचला. या बैठकीचे दोन कागद त्याच दिवसांतले आहेत. एक चेसची रोजनिशी आणि दुसरें स्टँटननें आपल्या हातानें केलेलें त्रोटक टिपण. स्टँटनच्या टिपणाप्रमाणें तो स्वतः आणि बेट्स यांनीं जाहीरनामा ताबडतोब काढावा असें म्हटलें. जुन्या वळणाचा बेट्स या बाजूला असावा, याचें आश्चर्य वाटतें. त्याहूनहि आश्चर्य चेसविषयीं वाटतें. जो मंत्री गुलामांचा सर्वांत मोठा कैवारी, त्याला हा उपाय फार धोक्याचा वाटला, असें स्टँटन लिहितो. चेसच्या रोजनिशींत मात्र याच मताला सौम्य रूप आलेलें दिसतें: सेनापतींनीं आपापल्या मुलखांत गुलामांना मुक्त करून शस्त्रें द्यावीं, हा अधिक शांतपणाचा मार्ग आपल्याला पसंत होता, तथापि कांहींच न करण्यापेक्षां अध्यक्षाचा मार्ग बरा, म्हणून त्याला मनापासून पाठिंबा देण्याचें आपण कबूल केलें. दोन्ही कागद त्याच दिवसांचे, दोन्ही लेखक त्याच खोलींतले. परंतु दुसऱ्याच्या कानाला जें भय वाटलें, तें बोलणाराला स्वतःला विवेक वाटला. रात्रीं लिहिलेला कागदहि आरशासारखा निर्मळ नसतो, हें यावरून ध्यानांत येतें.

सेवर्डनें मात्र उघड विरोध केला. स्टँटनच्या टिपणांत त्याचा मुख्य मुद्दा नोंदलेला आहे, आणि तो मुद्दा कापसाचा आहे. गुलामगिरी मोडली तर कापसाचें उत्पादन बसेल, आणि कापसासाठीं परकीय राष्ट्रें या युद्धांत हात घालतील, अशी त्याला भीति होती. ही भीति निराधार नव्हती. १८६१ सालापासून वेल्सच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी चालविली होती, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या होत्या. तेथें तुटवडा पडतांच हिंदुस्थानांतील कापसाचे भाव भडकले, आणि मुंबई शहरांत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, नव्या पेढ्या आणि शेअरांचा सट्टा यांनीं त्या शहराला अक्षरशः वेड लावलें. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपतांच भाव कोसळले, आणि मोठमोठीं घराणीं धुळीस मिळालीं. वॉशिंग्टनच्या त्या माडीवर ज्या कापसाची चर्चा झाली, त्याच कापसाच्या भावानें मुंबईंतील पेढ्या चढल्या आणि पडल्या.

जुलैच्या या बैठकीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत मात्र या दोन्ही कागदांत नाहीं. ती एका चित्रकारानें सांगितली आहे. फ्रान्सिस कार्पेंटर हा तरुण चित्रकार १८६४ सालीं सुमारें सहा महिने अध्यक्षांच्या निवासस्थानीं वावरत होता. जाहीरनाम्याच्या प्रथम वाचनाचें भव्य चित्र तो काढीत होता. तें चित्र आज वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्यें आहे. त्या दिवसांत लिंकननें त्याला सांगितलेली हकीकत कार्पेंटरनें १८६६ च्या आपल्या पुस्तकांत दिली आहे. तिच्याप्रमाणें सेवर्डनें असा सल्ला दिला कीं, सध्यां आपल्या फौजा मार खात आहेत. अशा वेळीं जाहीरनामा काढला तर ती पराभूत सरकारची शेवटची किंकाळी वाटेल. म्हणून एखादा विजय मिळेपर्यंत थांबावें. लिंकनला तें पटलें आणि मसुदा पेटींत पडला. येथें घटना १८६२ ची, सांगणें १८६४ चें आणि छापणें १८६६ चें. मधल्या काळांत युद्ध जिंकलें गेलें, आणि सांगणाराचा खून होऊन तो हुतात्मा झाला. हकीकत बहुधा खरीच आहे, कारण सप्टेंबरांतील विजयापर्यंत जाहीरनामा खरोखरच थांबला. परंतु तींतील नेमके शब्द कोणाचे, सेवर्डचे, लिंकनचे कीं कार्पेंटरचे, हें सांगणें कठीण आहे.

विजय मिळाला तो १७ सप्टेंबर रोजीं, मेरीलंड संस्थानांत, अँटीटम नांवाच्या ओढ्याकांठीं. जनरल ली याचें सैन्य नदी ओलांडून माघारीं गेलें. पांच दिवसांनीं सोमवारची ती बैठक भरली. चेस आणि वेल्स या दोघांनींहि तिचा वृत्तांत लिहून ठेवला आहे, आणि ते दोन वृत्तांत शेजारीं ठेवून वाचण्यासारखे आहेत.

चेस सांगतो कीं, आरंभीं लिंकननें आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकाच्या पुस्तकांतील एक प्रकरण वाचून दाखविलें. त्याला स्वतःला तें फार आवडलें, आणि स्टँटनखेरीज इतर मंत्रीहि हंसले. नंतर त्याची मुद्रा गंभीर झाली. शत्रूचें सैन्य मेरीलंडमध्यें शिरलें होतें तेव्हां, तें बाहेर हांकललें जातांच जाहीरनामा काढावयाचा असा आपण निश्चय केला होता, असें त्यानें सांगितलें. हें वचन आपण कोणाला बोलून दाखविलें नव्हतें. तें आपण स्वतःला दिलें होतें, आणि आपल्या निर्मात्याला. निर्मात्याचा उल्लेख करण्यापूर्वीं तो किंचित् थबकला, असें चेसनें मुद्दाम नमूद केलें आहे. मुख्य गोष्टीविषयीं मला तुमचा सल्ला नको, ती मीं ठरविली आहे. शब्दयोजनेविषयीं मात्र सुचवा, असेंहि लिंकन म्हणाला.

वेल्सच्या रोजनिशींत त्या विनोदी पुस्तकाचा मागमूस नाहीं. पुढील लढाईंत ईश्वरानें जय दिला तर ती ईश्वरी इच्छेची खूण मानून मुक्ततेच्या कार्यांत पुढें पाऊल टाकणें आपलें कर्तव्य समजूं, असा नवस, असा करारच आपण केला होता, असें लिंकननें सांगितल्याचें वेल्स लिहितो. मार्ग स्पष्ट दिसत नसतां निर्णय अशा रीतीनें सोंपविणें कोणाला विचित्र वाटेल, हेंहि लिंकन म्हणाला. परंतु ईश्वरानें या प्रश्नाचा निकाल गुलामांच्या बाजूनें दिला आहे.

दोघांची वृत्ति भिन्न, दोघांचें एकमेकांशीं फारसें सख्य नाहीं, लेखनाची पद्धतहि वेगळी. एकाला विनोदाचें पुस्तक आठवतें, दुसऱ्याला आठवत नाहीं किंवा लिहिण्याजोगें वाटत नाहीं. परंतु ईश्वराला दिलेल्या वचनाची गोष्ट दोघांनींहि, एकमेकांस न विचारतां, लिहिली आहे. याला इतिहासांत साक्ष म्हणतात. जो लिंकन सार्वजनिक कागदांत सैनिकी आवश्यकतेची भाषा बोलत होता, त्यानें खाजगी बैठकींत निराळीच भाषा वापरली. दोन्ही भाषा त्याच्याच होत्या. एकीच्या नांवाखालीं दुसरी खोटी ठरवितां येत नाहीं.

आतां हीच गोष्ट कार्पेंटरच्या पुस्तकांत कशी येते तें पाहावें. तेथें ती चेसनेंच सांगितली म्हणून दिली आहे. परंतु तींत लिंकन तें वाक्य इतक्या हळू आवाजांत बोलतो कीं, तें शेजारीं बसलेल्या एकट्या चेसलाच ऐकूं येतें. चेस त्याला पुन्हां विचारतो, आणि मग लिंकन सांगतो कीं, ली याला पेनसिल्व्हेनियांतून हांकलून लावलें तर गुलामांच्या मुक्ततेची घोषणा करीन अशी ईश्वरासमोर मीं गंभीर प्रतिज्ञा केली होती. सप्टेंबर १८६२ मध्यें ली याचें सैन्य मेरीलंडमध्यें होतें. पेनसिल्व्हेनियावर त्याची स्वारी झाली ती पुढच्या वर्षीं. शिवाय वेल्सची रोजनिशी सांगते कीं, तें बोलणें केवळ चेसलाच नव्हे, तर त्यालाहि ऐकूं आलें होतें. चार वर्षांच्या आंत, त्याच साक्षीदाराच्या नांवावर, संस्थान बदललें, आवाज बदलला, आणि सर्वांसमोर उच्चारलेलें वचन एकट्याच्या कानांतील गुपित झालें. येथें कोणी लबाडी केली असें मानण्याचें कारण नाहीं. वारंवार सांगितलेली गोष्ट झिजत नाहीं. तिला पुटें चढतात, आणि प्रत्येक पुटाबरोबर सांगणारा मध्यभागाच्या थोडा अधिक जवळ सरकतो.

चेसच्या ठिकाणीं हा दोष कोणत्या थरास जाई, हें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिसून आलें. फ्रेडरिक्सबर्गच्या पराभवानंतर कांहीं सेनेटरांनीं सेवर्डला काढण्याची मागणी केली. सेवर्ड अध्यक्षावर अवाजवी वजन पाडतो आणि मंत्रिमंडळाला कोणी विचारीत नाहीं, ही तक्रार त्यांच्या कानीं घालणारांत चेस प्रमुख होता. लिंकननें १९ डिसेंबरच्या रात्रीं सेनेटर आणि सेवर्डखेरीज सर्व मंत्री यांना समोरासमोर बसविलें. सहकाऱ्यांदेखत चेसला आपली तक्रार गिळावी लागली. दुसऱ्या दिवशीं तो राजीनामा घेऊन आला, पण तो देण्यास कचरूं लागला. तेव्हां लिंकननें आपला लांब हात पुढें करून तो कागद जवळजवळ ओढूनच घेतला. वेल्स तेथें हजर होता, म्हणून हा हात जगाला दिसला. लिंकननें सेवर्डचा आणि चेसचा असे दोन्ही राजीनामे नामंजूर केले, आणि दोन्ही पक्षांना जागच्या जागीं बसविलें.

परंतु इतरांवर पहारा ठेवणाऱ्या वेल्सवर पहारा कोणाचा? १८६९ सालीं तो अधिकारावरून उतरला. १८७३ सालीं चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यानें सेवर्डच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणांत त्या काळच्या कारभारांतील खरी बुद्धि सेवर्डची होती, असा सूर लावला. वेल्सला तें सहन झालें नाहीं. त्यानें लेखमाला लिहिली, आणि १८७४ सालीं ती पुस्तकरूपानें काढून, राज्याचा धनी लिंकनच होता असें ठासून सांगितलें. याच निवृत्तीच्या काळांत तो आपली जुनी रोजनिशी पुन्हां चाळीत होता, आणि हातांत लेखणी होती. त्यानें शब्द बदलले, वाक्यें खोडलीं, कांहीं ठिकाणीं नवीं घातलीं. १८७८ सालीं तो वारला. १९११ सालीं त्याच्या मुलानें ती रोजनिशी तीन खंडांत छापली, तेव्हां जुनी शाई आणि नवी शाई एकजीव होऊन वाचकांपुढें आली. मागाहून सुचलेलें मत जणूं घटनेच्याच रात्रीं लिहिलें होतें, असें त्या छापील पानांवरून दिसूं लागलें.

१९२५ सालीं हॉवर्ड बील या इतिहासकारानें मूळ हस्तलिखित ताडून पाहून या छापील रोजनिशीच्या विश्वसनीयतेविषयीं प्रश्न उपस्थित केला. १९६० सालीं त्याच्या संपादनाखालीं निघालेल्या आवृत्तींत मूळ मजकूर कोणता आणि मागाहूनचा कोणता, हें वेगळें करून दाखविलें. पुढें २०१४ सालीं युद्धकाळांतील मूळ हस्तलिखिताचीच स्वतंत्र आवृत्ति निघाली. म्हणजे वेल्सनें त्या रात्रीं काय लिहिलें हें स्वच्छपणें वाचावयास जगाला दीडशें वर्षें लागलीं. तथापि तें शेवटीं वाचतां आलें, कारण मूळ वह्या कोणी जाळल्या नाहींत. वेल्सनें खोडलें, पण फाडलें नाहीं. हा त्याचा इतिहासावरील उपकारच म्हटला पाहिजे.

लिंकनचे दोन तरुण चिटणीस, जॉन निकोले आणि जॉन हे, यांचीहि साक्ष मोलाची आहे. त्यांनीं मिळून लिहिलेलें लिंकनचें दहा खंडांचें चरित्र १८९० सालीं पुरें झालें. परंतु त्या भारदस्त ग्रंथापेक्षां जॉन हे याच्या त्या काळच्या रोजनिशींतील एक लहानसें चित्र अधिक सांगून जातें. जाहीरनाम्यानंतर दोन दिवसांनीं, रात्रीं, चेसच्या घरीं कांहीं मंडळी मद्याचे पेले घेऊन बसली होती. ती एकमेकांना हंसत हंसत गुलामगिरीचे उच्छेदक म्हणून हांका मारीत होती. कालपर्यंत जें नांव शिवीसारखें होतें, तें आज उघडपणें अंगावर घेतांना त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखें वाटत होतें. मोठ्या निर्णयानंतर माणसांना किती हलकें वाटतें, हें कोणत्याहि सरकारी कागदावरून कळलें नसतें.

या सर्व साक्षींत एक उणीव मात्र राहतेच. ज्यांच्या मुक्ततेची चर्चा चालली होती, त्यांच्यापैकीं त्या खोलींत कोणालाहि आसन नव्हतें. एलिझाबेथ केकली ही पूर्वीं गुलाम असलेली स्त्री लिंकनच्या पत्नीचे कपडे शिवीत असे. तिनें १८६८ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हां तिच्यावर टीकेची झोड उठली. मंत्र्यांनीं घरांतील गोष्टी लिहिल्या तर तो इतिहास, आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रीनें लिहिल्या तर तो आगाऊपणा, असा त्या काळचा न्याय होता. परंतु त्या निर्णयाचा अर्थ ज्यांना कळावयाचा त्यांना मंत्र्यांच्या रोजनिशांची वाट पाहावी लागली नाहीं. १८७३ सालीं, म्हणजे चेसच्या रोजनिशींतील उतारे त्याच्या चरित्रांत छापले जाण्याच्या आदल्या वर्षीं, पुण्यास जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केलें. हेतूंचा वाद पंडितांना पुढें शंभर वर्षें पुरला. कृत्याचा अर्थ पुण्यास दहा वर्षांतच पोंचला होता.

साधनें बदललीं तरी मनुष्यस्वभाव बदलत नाहीं. १९६२ सालीं क्यूबा बेटावर रशियन क्षेपणास्त्रें आढळलीं तेव्हां अध्यक्ष केनेडीच्या सल्लागारांच्या बैठका तेरा दिवस चालल्या. त्याचा भाऊ आणि अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यानें लिहिलेल्या आठवणी त्याच्या खुनानंतर १९६९ सालीं प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत संयमाचा पक्ष घेणारा म्हणून तो शोभून दिसला. परंतु अध्यक्षानें त्या खोलींत गुप्तपणें ध्वनिमुद्रण करविलें होतें. त्या फितींत हाच भाऊ पहिल्या दिवशीं लष्करी कारवाईच्या बाजूनेंहि बोलतांना ऐकूं येतो. पुढें १९८९ सालीं मॉस्को येथील परिषदेंत, पुस्तकाचें संपादन करणाऱ्या सोरेन्सन यानें कबूल केलें कीं, तुर्कस्तानांतील अमेरिकन क्षेपणास्त्रें काढून घेण्याच्या गुप्त कराराचा मूळ लिखाणांतील स्पष्ट उल्लेख आपणच गाळला होता. वेल्सनें जें लेखणीनें केलें, तेंच येथें संपादकाच्या कात्रीनें झालें.

तेव्हां मंत्र्यांच्या आठवणी वाचूं नयेत काय? अवश्य वाचाव्या; पण वाचतांना चार प्रश्न जवळ ठेवावे. हें केव्हां लिहिलें? कोणासाठीं लिहिलें? तेथें आणखी कोण होतें, आणि त्यानें काय लिहिलें? मूळ कागद शाबूत आहे काय? या चार प्रश्नांतून जें तावून सुलाखून निघेल, तें खुशाल इतिहास म्हणून स्वीकारावें. सोमवारच्या त्या बैठकीची हकीकत या कसोटीला लावली, तर चित्रकाराची कुजबुज गळून पडते आणि पेनसिल्व्हेनियाहि गळून पडतें. उरतें तें दोन वह्यांत मिळून उतरलेलें एक वचन, आणि तें उच्चारण्यापूर्वीं घेतलेला एक लहानसा विसांवा. तो विसांवा एकट्या चेसनें टिपला आहे, आणि त्याला दुसरा साक्षीदार नाहीं. परंतु तो त्याच दिवसाच्या वहींत आहे, त्यांत लिहिणाराचा कांहींच लाभ नव्हता, आणि चेसला ज्याच्या जागीं बसावयाचें होतें त्या माणसाची थोरवी तो सांगून जातो. अशा साक्षीवर विश्वास ठेवावयास हरकत नसावी.